वीज जाणाऱ्या गावात सर्व्हर: क्रॉन की सिस्टिमडी टायमर?

देवगडात आमच्या आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये एक छोटा लिनक्स सर्व्हर आहे. रात्री दोनला तो बिलांचा बॅकअप घेतो, पहाटे पाचला पेट्यांचा हिशेब बागायतदारांना मेल करतो.

अशी कामं ठरल्या वेळी आपोआप चालवायला लिनक्सवर दोन साधनं आहेत: क्रॉन आणि सिस्टिमडीचा (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेचा) टायमर. क्रॉन १९७०च्या दशकातला. मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशी पाच घरं भरायची, पुढे कमांड लिहायची, झालं. शिकायला अर्धा तास पुरे. टायमरला दोन फायली लागतात: काय चालवायचं त्याची सर्व्हिस आणि कधी चालवायचं त्याचा टायमर. सुरुवातीला कंटाळा येतो, हे खरं.

पण आमच्याकडे मिरगाचा पाऊस लागला की वीज जाते. गेल्या जूनमध्ये मध्यरात्री गेली ती सकाळी सातला आली. इन्व्हर्टर तोवर कधीच बसला होता. दोनचा बॅकअप राहिला तो राहिलाच. चुकलेलं काम क्रॉन पुन्हा उचलत नाही. (जोडीला चुकलेली कामं नंतर उचलणारा अ‍ॅनाक्रॉन घेता येतो, पण तो दिवसांच्या हिशेबाने चालतो, तासांच्या नाही.) टायमरमध्ये ‘ऑनकॅलेंडर’ या वेळ सांगणाऱ्या ओळीखाली ‘पर्सिस्टंट=ट्रू’ ही एक ओळ घातली, की मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम होऊन जातं.

शिवाय आधीचा बॅकअप लांबला तरी क्रॉन ठरल्या वेळी दुसरा सुरू करतो. टायमर तसं करत नाही.

सर्व्हर मोठ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये असेल तर क्रॉन खुशाल वापरा. शेडमध्ये असेल, तर त्या दोन फायली लिहाच.