वॉटर हॅमर अरेस्टर अन् पाइपवरचा काळा फोम: थंडी अन् ऊन दोन्ही काढल्यावरचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास हे बसवलं अन् आता मे भाजून काढून राहिला, म्हणून आता लिहितो. नागपूरला मनीषनगरात दुमजली घर, गच्चीवर दोनशे लिटरचा ट्यूबवाला सोलर वॉटर हीटर, गरम पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप), थंड लाइनला प्रेशर पंप. सकाळी आईने गरम नळ सोडला की भिंतीतून टक, टकटक सुरू, अन् वॉशिंग मशीनने पाणी घेणं थांबवलं की धाडकन! पाहुणे विचारायचे, वर कोणी ठोकून राहिलं का बाप्पा.

प्लंबर म्हणे लाइनीत हवा आहे, व्हेंट पाइप (हवा बाहेर सोडणारा) उंच करा. केला, ढिम्म फरक नाही. कारण हे दोन आवाज वेगळे आहेत अन् दोघांचं औषध वेगळं, हे कोणी सांगतच नाही.

धाडकन म्हणजे वॉटर हॅमर. मशीनचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद होतो, धावतं पाणी अडतं, धक्का पाइपला. अरेस्टर म्हणजे बोटभर पितळी नळकांडं, आत पिस्टन अन् पिस्टनमागे कोंडलेली हवा, धक्का तिथे जिरतो. मशीनच्या नळाला चिकटूनच लावा, दूर लावाल तर पैसे वाया. इतवारीत दुकानदार साधा एअर चेंबर लावा म्हणत होते पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळते अन् मग तो नुसता पाण्याने भरलेला पाइप. सोबत पंपाचा प्रेशर स्विच ३ बारवरून २ वर आणला. धाडकन बंद झालं ते आजपर्यंत बंद. पैसे वसूल.

टकटकीची गोष्ट वेगळी. १० मीटर सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला की अडीच सेंटीमीटरच्या वर लांबतो, तेवढाच जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप जेमतेम अर्धा सेंटीमीटर. क्लॅम्प घट्ट आवळलेले असले की पाइप अडतो अन् मग झटक्याने सरकतो, तोच टक. गरम पाइपवर उष्णता टिकवायला जो काळा फोम चढवतात, तो विकणारे सांगतात फोमने आवाज जातो, तर नाही जात भाऊ. क्लॅम्प सैल केले, मधे फोमचा तुकडा घातला, कोपऱ्यावर पाइपला सरकायला जागा ठेवली, तेव्हा बाहेरचा आवाज गेला. टाइल्समागचा बारीक टकटकतोच, त्यासाठी बाथरूम कोण फोडणार.

फोमचा खरा फायदा जानेवारीत कळला, नळाला पाणी लवकर अन् जास्त कढत यायचं. पण एप्रिलच्या उन्हात वरची टेप सुटली, फोमला भेगा पडल्या. गच्चीवर लावायचा तर वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा नाहीतर जाड फॉइल टेप पाहिजेच, पाकिटावर याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून फोमला तीनच स्टार.

अन् सध्याची गंमत म्हणजे सोलर कोणी वापरत नाही, टाकीचंच पाणी चटके देऊन राहिलं, त्यामुळे दुपारी आता थंड पाण्याची लाइन टकटकते. तिचेही क्लॅम्प सैल करायचेत, पण ४५ डिग्रीत गच्चीवर जायला प्लंबर तयार नाही अन् मी पण नाही.