१९३० च्या फोर्डचे इंजिन दुरुस्तीला दिले आणि दुसरेच परत आले

कोल्हापुरातील माझ्या घरामागच्या शेडमध्ये १९३० सालची फोर्ड मॉडेल ए सुट्या भागांत पडून आहे. २०१९ मध्ये ती विकत घेतल्यानंतर पहिली तीन वर्षे मी स्वतःच्या हातांनी काम केले. त्यापुढचा सगळा काळ एका फसवणुकीने खाल्ला. जुन्या गाडीचे काम घरी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो मुख्य ओतीव भाग, परक्या हातात द्यावाच लागतो. नेमक्या त्या वेळी माझ्या बाबतीत काय घडले, हे इतरांना माहीत व्हावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ब्लॉक बाहेर का द्यावा लागतो, हे आधी सांगितले पाहिजे. मॉडेल ए चे इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे ३.३ लिटरचे आणि ४० अश्वशक्तीचे आहे. आजच्या इंजिनात बेअरिंगचे तयार शेल बाजारातून आणून बसवतात, पण या इंजिनात क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) आधार देणारी तिन्ही मेन बेअरिंगे म्हणजे थेट ब्लॉकमध्ये ओतलेला व्हाइट मेटलचा थर असतो. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मिश्रधातू झिजला की वितळवून काढावा लागतो, खालच्या लोखंडाला कल्हई करावी लागते, त्यावर नवा धातू ओतावा लागतो आणि मग तिन्ही बेअरिंगे एका रेषेत बोअर करावी, म्हणजे आतून कोरून मापात आणावी लागतात. कल्हई कच्ची राहिली तर थर लोखंडाला धरत नाही, आणि बोअरिंग वाकडे गेले तर क्रँक फार दिवस टिकत नाही. आमच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीत क्रँक ग्राइंड करणारे, सिलिंडर बोअर करणारे आणि ओतकाम करणारे उत्तम कारागीर आहेत, परंतु या इंजिनाची मेन बेअरिंगे ओतून देण्याची जबाबदारी घेणारा मला त्या वेळी तेथे मिळाला नाही.

त्यामुळे ओळखीतून एका गृहस्थांचे नाव आले तेव्हा मला मोठा आधार वाटला. ते मुंबईकडून स्वखर्चाने माझ्या घरी आले. त्यांनी शेडमधील एकेक भाग हातात घेऊन पाहिला, झेनिथ कार्बोरेटरमधील एक जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) चुकीचा आहे हे एका नजरेत ओळखले, आणि मेन बेअरिंगच्या टोप्यांखालील पातळ शिम (फट भरणाऱ्या पट्ट्या) कशा मोजून काढायच्या हे मला दाखवले. त्यांना या गाडीची खरोखर माहिती होती, आणि तीच माझ्या विश्वासाचे कारण ठरली. फसवणारा माणूस अडाणी असेल, असे मी मनाशी धरून चाललो होतो. आज मला वाटते की माझ्या ब्लॉकचे मोल त्यांना माझ्यापेक्षा अधिक कळले होते. साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या, इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत तडा जाणे हा नेहमीचा दोष आहे. माझ्या ब्लॉकला एकही तडा नव्हता, आणि हे त्यांनी माझ्यासमोर भिंगाने पाहून मला आनंदाने सांगितले होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मी इंजिन त्यांच्या टेम्पोत चढवले. कामासाठी ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगच्या टोप्या एवढेच पुरेसे होते. त्यांनी मात्र हेड (सिलिंडरांवरचे झाकण), कार्बोरेटर आणि डायनॅमोसह सगळेच मागितले. "सर, सगळं एकत्र बसवून, चालवून तुमच्याकडे पाठवतो," असे ते म्हणाले, आणि मलाही ते सोयीचे वाटले. ठरलेले काम १,८०,००० रुपयांचे होते आणि त्यांपैकी ८०,००० मी रोख दिले. पावती मागितली तेव्हा त्यांनी बिलावर कर लागेल, तो खर्च तुमच्याच अंगावर येईल, असे सांगितले. मी गप्प बसलो. कोणते भाग दिले याची यादी करून त्यावर त्यांची सही घेणे हे दहा मिनिटांचे काम होते, पण घरी जेवून गेलेल्या माणसाकडे सही मागणे मला अशिष्ट वाटले.

पुढचे नऊ महिने तारखा लांबत गेल्या. कथलाचा भाव वाढला म्हणून २५,००० आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी ३०,००० असे आणखी पैसे गेले, आणि मूळ ठरलेली बाकी इंजिन पाठवण्याआधी द्यावी लागली. म्हणजे एकूण २,३५,००० रुपये झाले. धातू ओतताना मला हजर राहायचे आहे, असे मी दोनदा कळवले. एकदा कारागीर आजारी असल्याचे सांगण्यात आले आणि दुसऱ्यांदा काम आदल्याच रात्री उरकल्याचे. त्याऐवजी मला ओतकामाचे चित्रण पाठवण्यात आले. ते मी कौतुकाने घरातल्या सर्वांना दाखवले, परंतु त्यात ब्लॉकवरचा क्रमांक कोठेही दिसत नाही, हे माझ्या लक्षात आले नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये इंजिन परत आले. मॉडेल ए च्या इंजिनाला कारखान्यातून येणारा हिरवा रंग त्यावर जाड थरात चढवलेला होता, आणि तळाचे ऑइल पॅन उघडले तर हमी राहणार नाही, अशी चिठ्ठी सोबत होती. मी ते चासीवर बसवले. जानेवारी २०२४ मध्ये, स्टिअरिंगजवळची, ठिणगी पडण्याची वेळ मागेपुढे करणारी दांडी वर ठेवून, इंजिन पहिल्यांदा सुरू केले. पंधरा मिनिटे ते सुरेख चालले. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येऊ लागले, आणि तिसऱ्या दिवशी तेल दुधासारखे पांढरट झालेले दिसले. पाणी तेलात उतरत होते.

हेड उघडल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये व्हॉल्व्हच्या बैठकीपासून खाली उतरलेले तडे दिसले. ते धातूच्या पुटीने भरून वर घासून गुळगुळीत केलेले होते. मी ब्लॉक उद्यमनगरातील एका ओळखीच्या कारखान्यात नेला, तेथे पाण्याचा दाब देऊन तपासला, तेव्हा बाहेरच्या बाजूलाही रंगाखाली भरलेला हातभर लांब तडा फुटला. ऑइल पॅन काढल्यावर मधल्या बेअरिंगचा व्हाइट मेटल नखाने उचलून येत होता, कारण खाली कल्हईच नव्हती. टोप्यांवरच्या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्या वेगवेगळ्या इंजिनांच्या होत्या.

तरीही, निकृष्ट काम झाले असेल, एवढ्यावर मी थांबलो असतो. कारखान्यातील वयोवृद्ध फिटर काकांनी मला क्रमांकाची जागा साफ करायला सांगितले. मॉडेल ए चा क्रमांक ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाणी आत येण्याच्या तोंडाच्या वर एका सपाट भागावर असतो. रंग काढल्यावर तेथे माझाच क्रमांक होता, पण ती जागा भोवतालच्या लोखंडापेक्षा खोल घासलेली होती आणि सगळे अंक एका ओळीत, एकाच खोलीचे उमटलेले होते. कारखान्यात हे अंक एकेक ठसा हाताने ठोकून उमटवत, त्यामुळे मूळ अंक थोडे वरखाली आणि तिरके असतात. २०१९ मध्ये गाडी माझ्या नावावर करताना आरटीओसाठी मी इंजिन आणि चासी या दोन्ही क्रमांकांचा कागदावर पेन्सिलीने ठसा घेतला होता, आणि त्याची एक प्रत फाइलमध्ये राहिली होती. त्या ठशात सीए या अक्षरांमागचा तिसरा अंक स्पष्टपणे खाली झुकलेला आहे. कॅनडातील फोर्डच्या इंजिनांवर ही अक्षरे असतात, आणि आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या प्रामुख्याने तेथूनच येत. परत आलेल्या ब्लॉकवर तो अंक सरळ उभा आहे. ब्लॉकची चुकून अदलाबदल झाली असती तर त्यावर दुसराच क्रमांक असता. माझा क्रमांक त्यावर ठोकला गेला, याचा अर्थ ते समजून-उमजून केलेले काम होते.

फोनवर मला सांगण्यात आले की तडे आधीपासूनच होते आणि ब्लॉक माझाच आहे. नंतर फोन उचलणे बंद झाले. मी पोलिसांत तक्रार दिली. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्याने जुन्या भारतीय दंड संहितेतील फसवणूक आणि विश्वासघाताची कलमे, म्हणजे ४२० आणि ४०६, लागू होतात. ग्राहक आयोगाकडेही दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार दाखल केली आहे. दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला: तुम्ही नेमके काय दिले, याचा पुरावा कोणता? रोख रकमेची नोंद नाही, यादी नाही, सही नाही. पेन्सिलीचा तो एक ठसा आणि बँकेतून गेलेले ५५,००० रुपये, एवढ्यावर माझी सगळी बाजू उभी आहे.

नुकसान पैशांपुरते नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार, ५० वर्षांहून जुन्या आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न केलेल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. मला तीच करायची होती. आता घासून पुन्हा कोरलेला क्रमांक असलेले इंजिन तपासणीसाठी पुढे करणे म्हणजे संशय स्वतःवर ओढवून घेणे आहे, म्हणून तो अर्ज मी तक्रारीचा निकाल लागेपर्यंत केलेला नाही. ज्यांचे इंजिन अजून घरात आहे, त्यांनी ते बाहेर पाठवण्यापूर्वी क्रमांकाचा पेन्सिलीने ठसा घ्यावा, व्हॉल्व्हच्या बैठका आणि क्रमांक एकाच छायाचित्रात दिसतील असे फोटो काढावेत, आणि ब्लॉकच्या आतल्या, सहज न दिसणाऱ्या जागी पंचने आपली एक खूण ठोकून ठेवावी. धातू ओतण्याच्या दिवशी हजर राहू न देणाऱ्याला ब्लॉक देऊ नये, मग तो कितीही जाणकार असो.

माझ्या मूळ ब्लॉकवर पुढच्या टायमिंग कव्हराच्या वरच्या डाव्या बोल्टाचे भोक मी स्वतः मोठे करून त्यात पितळी बुश बसवलेला आहे, आणि क्रमांकातील सीए नंतरचा तिसरा अंक खाली झुकलेला आहे. असा ब्लॉक कोणी विकायला आणल्यास, अथवा एखाद्याच्या गाडीत बसलेला दिसल्यास, कृपया जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. ज्यांनी तो अजाणता विकत घेतला असेल त्यांच्यावर माझा कोणताही राग नाही; मला फक्त माझ्या गाडीचे इंजिन परत हवे आहे.