पसरलेला स्वादुपिंडाचा कॅन्सर: फोल्फिरिनॉक्स घ्यावं की जेम-नॅब?

स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात किंवा पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरला की शस्त्रक्रियेचा मार्ग सहसा बंद होतो आणि प्रश्न उरतो केमोचा. पुढ्यात बहुधा दोन नावं येतात: फोल्फिरिनॉक्स आणि जेम्सिटाबिन अधिक नॅब-पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे जेम-नॅब. दोन्हींनी आयुष्य वाढतं, दुखणं आटोक्यात यायला मदत होते. आजार मुळापासून जाईल अशी अपेक्षा मात्र या टप्प्यावर ठेवता येत नाही. डॉक्टर हे स्पष्ट बोलले नसतील तर आधी विचारून घ्या. किती सोसायचं हे त्यावरच ठरतं.

आकड्यांपाशी बरेच जण फसतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत फोल्फिरिनॉक्स घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान 11.1 महिने होतं, एकट्या जेम्सिटाबिनवर 6.8. 2013 च्या दुसऱ्या चाचणीत जेम-नॅबवर 8.5, एकट्या जेम्सिटाबिनवर 6.7. पण पहिल्या चाचणीत 75 वर्षांपर्यंतचे, चांगले हिंडते-फिरते रुग्णच घेतले होते. दुसरीत वयाला वरची मर्यादा नव्हती आणि थोडे अशक्त रुग्णही होते. त्यामुळे 11.1 आणि 8.5 शेजारी मांडून वजाबाकी करण्यात अर्थ नाही. पुढे जपानमध्ये दोन्ही समोरासमोर तपासले, तेव्हा कमी मात्रेचं फोल्फिरिनॉक्स सरस ठरलं नाही. त्याच्याच कुळातलं नालिरिफॉक्स मात्र 2023 च्या चाचणीत जेम-नॅबच्या पुढे गेलं: 11.1 विरुद्ध 9.2 महिने. आणि मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, निम्मे कमी. ती कुणाची मुदत नव्हे.

म्हणून आमच्या मते निवड आकड्यांपेक्षा रुग्णाच्या आजच्या प्रकृतीवर करावी.

फोल्फिरिनॉक्स दर 14 दिवसांनी. दवाखान्यात काही तास ऑक्झॅलिप्लॅटिन, ल्युकोव्होरिन आणि इरिनोटेकॅन. मग छातीवर त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला छोटा पंप जोडून घरी पाठवतात. त्यातून 46 तास फ्लुरोयुरॅसिल जात राहतं. झोप, अंघोळ, कपडे बदलणं, सगळं त्या नळीला सांभाळून. जेम-नॅबला हा पंप लागत नाही, पण फेऱ्या जास्त: 28 दिवसांच्या चक्रात पहिल्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी. दवाखाना लांब असेल तर हाही मुद्दा छोटा नाही.

त्रासाची जात वेगळी. फोल्फिरिनॉक्समध्ये जुलाब आणि थकवा जोरात. औषध चालू असतानाच घाम, लाळ आणि पोटात मुरडा आला तर लगेच नर्सला सांगा. त्यावर अ‍ॅट्रोपिन देतात. काही दिवसांनी येणारे जुलाब वेगळे: पहिल्या पातळ शौचालाच डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं लोपेरामाइड सुरू करायचं, ‘बघू थोडा वेळ’ म्हणून थांबायचं नाही. ऑक्झॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड पाणी प्यायलं की घसा आवळल्यासारखा होतो, फ्रीजमधली बाटली धरली की बोटांना झिणझिण्या येतात. जेम-नॅबमध्ये केस बहुतेक पूर्ण जातात आणि बोटं-तळपाय बधिर होतात. मात्रा थांबवली की तो बधिरपणा बऱ्याच जणांचा काही आठवड्यांत उतरतो; ऑक्झॅलिप्लॅटिनचा मात्र औषध बंद केल्यावरही काही काळ वाढू शकतो. मधुमेहामुळे आधीच पाय बधिर असतील तर दोन्हींबाबत हे सांगाच. जेम-नॅबवर कोरडा खोकला आणि धाप लागली तर फुफ्फुसाला सूज आली आहे का, हे त्याच दिवशी पाहावं लागतं.

पांढऱ्या पेशी दोन्हींत घसरतात. ताप 38 अंश सेल्सियस झाला की रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्या. एक, कावीळ. गाठीने पित्तनलिका दाबली असेल तर आधी स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकून बिलिरुबिन, म्हणजे काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य, खाली आणावं लागतं; चढलेल्या बिलिरुबिनवर इरिनोटेकॅन अंगावर उलटतं, आणि जेम-नॅबही जसंच्या तसं देता येत नाही. प्लॅस्टिकचा स्टेंट काही महिन्यांतच तुंबतो, धातूचा जास्त टिकतो, आणि केमो मध्येच अडू नये म्हणून इथे धातूचाच बरा. दोन, डीपीवायडी तपासणी. ही जनुकाची तपासणी आहे. फ्लुरोयुरॅसिल पचवणारं विकर (एन्झाइम) कमी असलेल्यांना नेहमीची मात्रा जिवावर बेतू शकते. तीन, बीआरसीए जनुक. त्यात दोष निघाला तर ऑक्झॅलिप्लॅटिनसारख्या प्लॅटिनम असलेल्या औषधांचा गुण जास्त येतो आणि पारडं फोल्फिरिनॉक्सकडे झुकतं.

ढोबळमानाने: घरातली कामं स्वतः करणारा, बिलिरुबिन ठीक, घरी सोबतीला कुणी आहे, अशा रुग्णाला फोल्फिरिनॉक्स किंवा नालिरिफॉक्स. वय जास्त, हृदयाचा आजार, वजन झपाट्याने उतरलेलं, पण माणूस उठून फिरतो, तर जेम-नॅब. दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जात असेल तर दोन्हींनी बहुधा हालच वाढतात. तिथे एकटं जेम्सिटाबिन किंवा केमोविना फक्त दुखण्यावरचे उपचार हा निर्णयही तितकाच धड आहे. एका औषधाचा गुण येईनासा झाला की दुसरं देता येतं, पण तोवर ताकद उरत नसल्याने अनेकांना ती पाळी येत नाही. तेव्हा ‘चांगलं औषध नंतरसाठी राखू’ हा हिशेब इथे चालत नाही.

कोणतंही निवडलं तरी तेलकट, तरंगणारं शौच होत असेल तर स्वादुपिंडाच्या विकरांच्या कॅप्सूल मागून घ्या आणि त्या जेवताना, पहिल्या घासासोबत सुरू करा. जेवण उरकल्यावर घेतल्या तर अन्न पुढे निघून जातं आणि वजन उतरतच राहतं.