आठ महिन्यांनंतरचा अनुभव : हँड प्रायमिंग टूल, उंच राहणारे प्रायमर आणि एक नाठाळ झाकण

वापरलेल्या काडतुसांची पितळी कवचे, म्हणजे केस, घरी पुन्हा भरताना त्यांच्या बुडातील खळग्यात (पॉकेटमध्ये) प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेटणारी छोटी स्फोटक टोपी, या टूलने हाताने दाबून बसवतात. तिसऱ्या महिन्यात मी त्याला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा झालो होतो. आज तो अभिप्राय बदलतो आहे, अर्थात पूर्णपणे नाही.

निमित्त घडले रेंजवर. बोल्ट ॲक्शन रायफलमधून .२२३ कॅलिबरची घरी भरलेली पन्नास काडतुसे झाडताना चार काडतुसे पहिल्या ठोक्याला उडाली नाहीत. नळी सुरक्षित दिशेला रोखून पुरेसा वेळ थांबल्यानंतर पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा त्यांपैकी तीन दुसऱ्या ठोक्याला उडाली. प्रायमर पॉकेटच्या तळाशी टेकलेला नसला की पहिल्या ठोक्याचा जोर त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो, हे त्याचे ओळखीचे लक्षण. घरी उरलेल्या काडतुसांच्या बुडावर पोलादी पट्टी आडवी धरली, तेव्हा सहा ठिकाणी ती डुगडुगली. प्रायमर बुडाशी समपातळीत, किंबहुना 0.08 ते 0.13 मिलिमीटर खाली असायला हवा. येथे तो वर आलेला होता. मोकळ्या फायरिंग पिनच्या, म्हणजे ठोका देणारी पिन स्प्रिंगने मागे न धरलेल्या, सेमी-ऑटो रायफलमध्ये अशी काडतुसे बोल्ट बंद होतानाच उडू शकतात, हे लक्षात घेता माझे चार फुसके बार स्वस्तातच पडले म्हणायचे. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर पुन्हा दाबण्याचा धोका न पत्करता ती सहाही कॉलेट पुलरने, म्हणजे गोळी पकडून ओढून काढणाऱ्या साधनाने, सावकाश उघडली.

विक्रेत्याकडे तक्रार केली, तर उत्तर आले की दांडा अधिक जोराने दाबावा. स्फोटक भरलेल्या वस्तूबाबत हा सल्ला वाचून मी इतका संतापलो की पुढचे तीन आठवडे केवळ पत्रव्यवहारात गेले. त्यांनी अखेर नवा शेल होल्डर, म्हणजे केस बुडाशी पकडणारा भाग, पाठवला. जुन्यात केस किंचित तिरपी बसत होती, त्यामुळे प्रायमरही कलून आत जात होता. तो दोष गेला, पण उंच प्रायमर मात्र राहिलेच.

खरे कारण माझ्या काटकसरीत होते. रेंजवरून वेचून आणलेल्या केसमध्ये लष्करी केस मिसळलेल्या होत्या. त्यांच्या बुडावर वर्तुळातील क्रॉसचे नाटोचे चिन्ह असूनही मी ते पाहिले नाही. अशा केसमध्ये प्रायमर जागेवर राहावा म्हणून पॉकेटच्या तोंडाशी धातू दाबून क्रिम्प केलेला असतो आणि तो काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. क्रिम्प दाबून सपाट करणाऱ्या स्वेजरची किंमत या टूलपेक्षा जास्त असल्याने मी घरातल्याच कडा तासण्याच्या चॅम्फर टूलने, हलक्या हाताने, क्रिम्पची केवळ कडा उतरवली. अधिक कोरल्यास पॉकेटचे तोंड सैल होते. त्याबरोबर पॉकेटच्या तळाची काजळीही खरवडली, कारण तिच्या थराइतका प्रायमर वर राहतो.

येथे टूलला न्याय द्यायलाच हवा. काडतुसे भरण्याच्या प्रेसच्या लांब दांड्यावर जे कळत नाही, ते या टूलच्या दांड्यावर बोटांना कळते : आधी पॉकेटच्या भिंतींचा अवरोध, मग प्रायमरमधल्या ॲनव्हिल या धातूच्या तुकड्याचे पाय तळाशी टेकल्याची घट्ट थांबण्याची जाणीव. दोन्ही मिळाल्या तर प्रायमर बसला. मध्येच अडल्यास क्रिम्प किंवा घाण राहिली आहे असे समजून थांबावे. अजिबात अवरोध न जाणवल्यास पॉकेट सैल झालेले असते आणि ती केस भंगारात टाकावी. मागील शेकडो काडतुसांत एकही उंच प्रायमर आढळलेला नाही.

आता झाकण. प्रायमर उलटून सुलटे करण्यासाठी ट्रे हलवावा लागतो आणि नेमके त्या वेळी त्याचे पारदर्शक झाकण उघडते. आतापर्यंत तीनदा प्रायमर जमिनीवर सांडले. ते व्हॅक्यूम क्लीनरने ओढणे धोक्याचे असल्याने टॉर्च घेऊन गुडघ्यांवर एकेक मोजून गोळा करावे लागले आणि तेलाचा वा मातीचा संशय आलेले वापरातून बाद करावे लागले. इतक्या अचूक यंत्राला इतके फडतूस झाकण लावणाऱ्याने ते स्वतः कधी हलवून पाहिले असेल, यावर माझा विश्वास नाही. सुरक्षा चष्मा घालून बसण्याची शिस्त मी पाळतो, परंतु झाकणावर रबरबँड चढवण्याची वेळ ग्राहकावर यावी, हे मला मान्य नाही.

चार तारे. पाचवा त्या झाकणाने घालवला.