रेगन संग्रहालय, सिमी व्हॅली: विमान बघायला गेलो आणि १९८४ सालात अडकलो

भारतातून पाहुणे आले की आम्ही लॉस एंजेलिसवाले त्यांना हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध फुटपाथवर नेतो. फरशीवरची नावं वाचून पाहुणे पाच मिनिटांत कंटाळतात. माझे वडील, दादा, ८२ वर्षांचे. तासगावचे निवृत्त हेडमास्तर. त्यांना नटांमध्ये काडीचा रस नाही, राजकारण्यांमध्ये मात्र भरपूर. म्हणून त्यांना अशा ठिकाणी नेलं जिथे दोन्ही एकाच माणसात मिळतात: सिनेनट असून पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या रोनाल्ड रेगन यांचं अध्यक्षीय ग्रंथालय आणि संग्रहालय.

आधी कामाचं. रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडं. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारीला बंद. तिकीट स्वस्त नाही, पण ज्येष्ठांना सवलत आहे आणि पार्किंगचे पैसे पडत नाहीत. टेकडीवर वारा सुटला की टोपी हातात धरावी लागते, तेव्हा म्हाताऱ्या माणसांना स्वेटर घालूनच न्या. याच वाऱ्यामुळे २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वणवा थेट इथवर आला होता. तेव्हा ही वास्तू वाचली ती अग्निशमन दलामुळे आणि शेळ्यांमुळे! त्याच वर्षी मे महिन्यात सुमारे ५०० शेळ्या आणून भोवतालचं गवत-झुडूप चारून टाकलं होतं, त्यामुळे आगीला खायला फारसं उरलंच नाही. दादांना पूर्ण सहलीत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. घरी फोन लावून त्यांनी पहिल्यांदा शेरडांचीच बातमी दिली.

गर्दी असते ती विमानाला. निक्सनपासून धाकट्या बुशपर्यंत सात अध्यक्षांनी वापरलेलं हे बोइंग ७०७. १९७३ ते २००१ एवढी त्याची चाकरी. काचेच्या भव्य दालनात ते असं उभं केलंय की आत्ता उडेल. आत शिरलं की भपका संपतो. वाट अरुंद, छत बुटकं, खुर्च्या जुन्या एसटीच्या निमआराम गाडीची आठवण करून देणाऱ्या. सकाळी आधी विमानच उरका, नंतर रांग वाढते.

त्याच दालनात एक आयरिश पब आहे. रेगन यांचे पणजोबा आयर्लंडच्या बॅलीपोरीन गावचे. १९८४ च्या जूनमध्ये अध्यक्षसाहेब तिथे जाऊन आले. त्यांच्या नावाचा तिथला पब पुढे बंद पडला, तेव्हा तो उचलून इथे आणून बसवला. मी दादांना साल सांगितलं, नोव्हेंबरात निवडणूक होती तेही सांगितलं. ते म्हणाले, "निवडणुकीच्या वर्षी गावाकडं जायची रीत सगळीकडं सारखीच म्हणायची."

दादांनी तीस वर्षं निवडणुकीची कामं केली आहेत, बहुतेक वेळा केंद्राध्यक्ष म्हणून. त्यामुळे प्रचाराच्या भागात ते रेंगाळले. १९८४ मध्ये रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. प्रतिस्पर्धी डेमोक्रॅटिक उमेदवार वॉल्टर माँडेल यांच्याकडे त्यांचं स्वतःचं मिनेसोटा आणि राजधानीचं वॉशिंग्टन एवढंच उरलं. अध्यक्ष ठरतो तो राज्यवार वाटलेल्या प्रतिनिधी-मतांवर, आणि त्या ५३८ पैकी ५२५ एकट्या रेगनची. दादांनी पहिला प्रश्न विचारला तो, "मतं किती टक्के?" मी म्हटलं, "५९ च्या आसपास." "म्हणजे शंभरातले चाळीस विरोधातच होते की! नकाशावर दिसत नाहीत ते." मग ते आपल्याकडच्या १९८४ च्या डिसेंबरवर आले. इंदिराजी गेल्यानंतरची निवडणूक, काँग्रेसला चारशेच्या वर जागा आणि मतं मात्र निम्म्याच्या आतबाहेर. त्या रात्री तालुक्याच्या एका शाळेत कंदिलाच्या उजेडात मतपेट्यांना लाख लावताना बोट कसं पोळलं, हे त्यांनी शेजारच्या अनोळखी अमेरिकन बाईंना मराठीत सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

रेगन यांचं राजकारण समजून घ्यायला तेच वर्ष धरावं, असं माझं मत. २३ ऑगस्ट १९८४, डॅलस. सकाळी एका प्रार्थनासभेत भाषण, रात्री रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी स्वीकारली. सकाळचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही या देशात कुठलाही धर्म राजधर्म करत नाही, कुणाला उपासनेची आज्ञा देत नाही, श्रद्धेची सक्ती करत नाही, पण समाजाखालचा धर्माचा पाया काढून घेतला तर समाजात विष कालवलं जाईल. पहिलं अर्धं मला शंभर टक्के मान्य. गडबड दुसऱ्या अर्ध्यात आहे, कारण पाया कुणाच्या धर्माचा, हे सांगायची गरज त्या सभागृहात कुणालाच नव्हती.

त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारी शाळांत प्रार्थनेला मुभा देणारी घटनादुरुस्ती सिनेटमध्ये पडली होती. बाजूने ५६, विरोधात ४४. दोन-तृतीयांशांसाठी ६७ लागत होती. शाळांनी ठरवून दिलेली प्रार्थना सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच घटनाबाह्य ठरवली होती, ती परत आणायचा हा रेगन यांचा प्रयत्न. दादांना हे चमत्कारिक वाटलं. "आमच्या शाळेत रोज प्रार्थना व्हायची, कुणाचा देव आडवा आला नाही." मी विचारलं, "वर्गातल्या मुसलमान पोरांना कधी विचारलं होतं का तुम्ही?" दादा म्हणाले, "विचारायची पद्धतच नव्हती." आणि पुढच्या काचपेटीकडे वळले.

आईचं जीर्ण बायबल हाती घेऊन शपथ घेणारा हा माणूस अध्यक्ष असताना चर्चला फारसा जात नसे. आपल्यामागून येणाऱ्या बंदोबस्ताचा इतरांना त्रास होतो, असं कारण ते देत. घटस्फोट झालेले ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. तरी धार्मिक मतदारांनी, रविवारी चर्चमध्ये बायबल शिकवणाऱ्या तेव्हाच्या अध्यक्ष जिमी कार्टरना सोडून, १९८० मध्ये यांना उचलून धरलं. श्रद्धाळू माणूस आणि श्रद्धेचं राजकारण यांतलं अंतर मोजायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. ते बायबल इथल्याच संग्रहातलं. २०१७ मध्ये माइक पेन्स यांनी उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ती त्याच्यावरच.

३० मार्च १९८१ च्या गोळीबारात अंगावर होता तो सूट काचेआड ठेवलाय. निळसर कापड, डाव्या बाजूला छिद्र. गोळी आधी गाडीवर आपटून मग उसळून लागली होती, म्हणून छिद्र गोल नाही, चिरेसारखं आहे. तिथे मात्र दादा काही बोलले नाहीत.

बाहेर गच्चीवर बर्लिनच्या भिंतीचा खराखुरा तुकडा उभा आहे. एका अंगाला फुलं आणि फुलपाखरू रंगवलंय, दुसरं अंग कोरं सिमेंट. पश्चिमेकडून भिंतीला हात लावता येई, पूर्वेकडून जवळ गेलं तर गोळी. इथे कुठलाही फलक न वाचता सगळं कळतं.

आता तक्रार. इमारत आणि कागदपत्रं सरकारी अभिलेखागाराच्या ताब्यात, पण प्रदर्शनामागे पैसा खाजगी प्रतिष्ठानाचा. ते जाणवतं. इराण-काँट्रा प्रकरण (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याचं) भरभर उरकल्यासारखं वाटलं, त्यांच्याच काळात पसरलेल्या एड्सचा विषय मला तर शोधावा लागला. राष्ट्रीय ऐक्याचा सूर सगळीकडे लावलाय, पण १९८० च्या प्रचारात रेगन मिसिसिपीतल्या नेशोबाच्या जत्रेत 'राज्यांचे हक्क' (वर्णभेद रोखायला केंद्राने मध्ये पडू नये, असं सुचवणारी दक्षिणेतली जुनी घोषणा) बोलून आले, हे कृष्णवर्णीय मतदार आजही विसरलेले नाहीत. तिथून काही मैलांवर १९६४ मध्ये नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या तिघा तरुणांचा खून झाला होता. आणि याच माणसाने, आधी बरेच आढेवेढे घेऊन का होईना, १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या राष्ट्रीय सुट्टीवर सही केली. दोन्ही शेजारी-शेजारी मांडलं असतं तर माणूस छोटा झाला नसता.

मला त्यांचं पटतं ते अध्यक्षपदाच्या शेवटच्या दिवसांतलं. १९ जानेवारी १९८९ च्या भाषणात त्यांनी कुणाच्या तरी पत्राचा दाखला दिला: फ्रान्समध्ये जाऊन राहिलात म्हणून तुम्ही फ्रेंच होत नाही, जर्मनीत, तुर्कस्तानात, जपानमध्ये तेच, पण जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस अमेरिकेत येऊन अमेरिकन होऊ शकतो. नुसतं बोलून थांबले नाहीत. १९८६ च्या कायद्याने कागदपत्रं नसलेल्या सुमारे २७ लाख लोकांना रीतसर राहता आलं. रेगन यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे इच्छुक २०१५ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये याच विमानाखाली उभे राहून वादचर्चा करून गेले. पक्षातल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, ही रेगन यांची लाडकी 'अकरावी आज्ञा'. तिचं तिथे काय झालं, ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांना सांगायला नको.

दादांना मी ते भाषण गाडीत वाचून दाखवलं. माझ्या अमेरिकन नागरिकत्वाच्या शपथेच्या वेळी ते येऊ शकले नव्हते. ऐकून म्हणाले, "सगळं खरं, पण आमचा तासगावचा एक मतदार कमी झाला की रे."

पाचपैकी चार. लहान मुलं असतील तर विमान, भिंत आणि हेलिकॉप्टर दोन तासांत होतं. राजकारणाची आवड असलेला म्हातारा सोबत असेल तर अख्खा दिवस धरा आणि चहाचा थर्मास गाडीत ठेवा.