मल्टिग्रेन पीठ की गिरणीचं दळण? भुकेची वही ठेवून घेतलेला अनुभव

मल्टिग्रेन पिठाच्या कंपनीच्या कस्टमर केअरला माझा प्रश्न साधा होता: पिठातला कोंडा चाळून काढता का, आणि दळण किती बारीक असतं? उत्तर आलं, "मॅडम, आमच्या पिठात सात धान्यं आहेत." पुन्हा विचारलं, पुन्हा सात धान्यं. शेवटी बदली पाकीट देऊ केलं. मला पाकीट नको होतं, उत्तर हवं होतं. गव्हाच्या दळणापेक्षा जवळपास दुप्पट पैसे मोजणाऱ्याला एवढा हक्क आहे.

पावसाळ्यात हे पीठ सुरू केलं. सकाळी पोळी-भाजी खाऊनही हिंजवडीला पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडायचे आणि अकराला कँटीनचा वडापाव ठरलेला. पाकिटावर 'पोट जास्त वेळ भरलेलं राहतं' असं छापलंय, तर मोजूनच बघू म्हटलं. संशोधक वापरतात तीच पद्धत घेतली: वहीत दहा सेंटीमीटरची आडवी रेघ, डावं टोक 'अजिबात भूक नाही', उजवं 'आता धीर धरवत नाही'. वाटेल तिथे खूण करायची आणि पट्टीने मिलिमीटर मोजायचे. खाण्याआधी, खाल्ल्यावर लगेच, मग जेवणापर्यंत दर तासाला. कणीक वजन करून घ्यायची, भाजीही तेवढीच. जागरण झालेला दिवस बाद, कारण त्या दिवशी भूक वेगळीच लागते.

सुरुवातीला गिरणीच्या गव्हापुढे पाकीट जोरात होतं. सगळ्या खुणा डावीकडे. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू पाकीट बघून खुणा करतेस. मी करून वाढते, कुठलं पीठ ते विचारू नकोस." मेथी घातली की दोन्ही पोळ्या सारख्याच दिसतात. महिनाभर असं केलं आणि फरक नाहीसा झाला. गिरणीतला गहू आणि सात धान्यं, दोन्हींची खूण अकराला साधारण एकाच जागी.

तेव्हा पाकिटाची मागची बाजू नीट वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला गहू, आणि ज्वारी, बाजरी, नाचणी पार मागे. पण खरा उलगडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत झाला. १०० ग्रॅममागे फायबर: गव्हाची कणीक ११.३६ ग्रॅम, बाजरी ११.४९, नाचणी ११.१८, ज्वारी १०.२२. मैदा मात्र २.७६. म्हणजे धान्यं किती मिसळली यापेक्षा कोंडा राहिला की गेला, हे महत्त्वाचं. म्हणून माझा सगळा राग चाळणीवर आणि त्या पावडरीसारख्या बारीक दळणावर आहे.

घरी कणीक चाळणं बंद केलं आणि गिरणीवाल्या काकांना दळण जाडसर ठेवायला सांगितलं. पोळी थोडी रखरखीत होते, पण वहीत खुणा डावीकडे सरकल्या. ज्वारीचं जाडसर पीठ भाकरीला चालत नाही, थापतानाच कडा फाटतात. शिवाय पाकिटातल्या ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, बहुधा गेलेलीच असते. भाकरीसाठी ताजंच दळून आणावं. गुरुवारी वीज नसली तर गिरणी बंद, हे लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ पुरल्या त्या ताकातल्या ज्वारीच्या कण्या. ताकाचं श्रेय धान्याला जाऊ नये म्हणून काही दिवस पोळीबरोबरही तेवढंच ताक प्यायले. तरी कण्या पुढे, जेवणाच्या सुट्टीपर्यंत वडापाव आठवत नाही. त्यात पाण्याचाही वाटा असणार. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट यांनी ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींचे खायला देऊन दोन तास तृप्ती मोजली. पांढरा ब्रेड १०० धरला, तर होलमील ब्रेड १५७, ओटमील २०९ आणि उकडलेला बटाटा चक्क ३२३! पाणी, प्रथिनं आणि फायबर जास्त तसं पोट जास्त भरतं, स्निग्धांश जास्त तसं कमी, असंच त्यांना दिसलं. त्यामुळे 'धान्य' हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत छापून पैसे मागणं मला पटत नाही.

पीठ वाईट नाही. पोळ्या मऊ होतात, डब्यात वातड होत नाहीत. ज्यांना गिरणीत जायला वेळ नाही त्यांनी घ्यावं, पण भूक लांबेल म्हणून दुप्पट पैसे देऊ नयेत. मी आता मार्केट यार्डातून मालदांडी ज्वारी आणते. थोडी भाकरीला बारीक, थोडी कण्यांसाठी भरडून. रात्रीच्या जेवणाबद्दल मात्र काही सांगत नाही. जेवून दोन तासांत झोपल्यावर मोजणार काय? रात्री घरात भातच असतो.