आधी रोमकरांस की इफिसकरांस?

बायबलमधली 'कृपा' आणि 'रहस्य' समजून घ्यायला आधी कोणतं पत्र वाचू, असं एका मैत्रिणीनं विचारलं. पर्याय दोन: रोमकरांस आणि इफिसकरांस. दोन्ही पत्रं पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या नावावरची, पण इफिसकरांस पत्र त्यानंच लिहिलं का, यावर अभ्यासकांत वाद आहे.

लांबी: रोमकरांस १६ अध्याय, इफिसकरांस ६. दुसरं एका बैठकीत संपतं.

कृपा: इथे रोमकरांस पत्र सरस. काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, उपकार नव्हे, हे चौथ्या अध्यायातलं साधं उदाहरण कृपेचा अर्थ पक्का करतं. मग कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा आडवा प्रश्नही पौल स्वतःच काढतो. इफिसकरांस २:८ (अध्याय २, वचन ८) मध्ये कृपा हे देवाचं दान, एवढं थोडक्यात येतं.

रहस्य: मूळ ग्रीक शब्द 'मिस्टेरिऑन' इफिसकरांसमध्ये सहादा, रोमकरांसमध्ये दोनदाच. अर्थ न सुटणारं कोडं नव्हे. आधी झाकलेलं, आता उघड झालेलं. काय उघड झालं? यहुदी नसलेलेही देवाच्या वारशात समान भागीदार. (मला तर हेही कृपेचंच दुसरं नाव वाटतं.)

वाद घालत, शंका काढत वाचणाऱ्यांनी रोमकरांस घ्यावं. वेळ कमी असेल किंवा रहस्याचंच कुतूहल असेल, तर इफिसकरांस. मैत्रीण वकील आहे; तिला मी रोमकरांस सुचवलं.